ग्राफ लायब्ररीत पहिली सुधारणा: काम निवडण्यापासून पुल रिक्वेस्टपर्यंत

ग्राफ अल्गोरिदमच्या मुक्तस्रोत लायब्ररीत नवा माणूस आला की त्याला आधी एखादा नवाकोरा अल्गोरिदम घालायची हौस असते. पण नेटवर्कएक्स, आयग्राफ, बूस्ट ग्राफ लायब्ररी, जेग्राफटी, पेटग्राफ, कुठेही डोकावलं तरी डायक्स्ट्रा आणि बेलमन-फोर्ड हे लघुतम वाट काढणारे अल्गोरिदम कधीचे बसलेले दिसतात. वापरणाऱ्यांचं अडतं ते भलत्याच ठिकाणी. दोन नोडमध्ये दोन कडा आल्या की उत्तर चुकतं, लांबलचक साखळीवर रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) कोसळतं, दशांश वजनांवर मोजदाद हुकते, कोटभर कडा भरल्या की मेमरी संपते. लायब्ररी पुढे न्यायची तर आधी याच जागा दुरुस्त कराव्या लागतात. नवख्यासाठीही हेच काम बरं, कारण ते आवाक्यातलं असतं आणि बरोबर झालं की नाही हे तपासता येतं.

या लेखात ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं, नोड म्हणजे बिंदू, कड म्हणजे दोन नोड जोडणारी एज, वजन म्हणजे कडेवर लिहिलेली संख्या (उदाहरणार्थ अंतर), आणि पुल रिक्वेस्ट म्हणजे आपला बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती.

पायरी १: काम निवडा

प्रकल्पाच्या इश्यूंच्या (नोंदवलेल्या चुका आणि सूचनांच्या) यादीत नवख्यांसाठी वेगळं लेबल लावलेली कामं असतात. ती बघाच, पण बंद झालेले इश्यूही वाचा. एखादी सुधारणा तीनदा सुचवली गेली आणि तीनदा नाकारली गेली असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं, आणि ते वाचलं नाही तर तुमचे दोन आठवडे वाया जातात. पहिल्यांदा असं काम घ्या ज्यात चूक दाखवणारा ग्राफ दहा नोडांच्या आत बसतो. तो कागदावर काढता येतो, त्याचं उत्तर हाताने काढता येतं, आणि मेंटेनरलाही (प्रकल्प सांभाळणाऱ्यालाही) दोन मिनिटांत पटतं.

परवान्याकडे सुरुवातीलाच लक्ष द्या. नेटवर्कएक्स तीन कलमी बीएसडी परवान्याखाली आहे, आयग्राफ जीपीएलखाली. आयग्राफमधला कोड उचलून नेटवर्कएक्समध्ये टाकता येत नाही, भाषा बदलून ओळीओळीने उतरवला तरीही, कारण जीपीएलची अट त्या उतरवलेल्या कोडलाही लागते. मूळ शोधनिबंध वाचा आणि कोड स्वतः लिहा.

पायरी २: यंत्रावर उभारणी

भांडार (प्रकल्पाची रिपॉझिटरी) स्वतःच्या खात्यात फोर्क करा, म्हणजे त्याची प्रत काढा, ती यंत्रावर क्लोन करा, मूळ भांडार दुसरा रिमोट म्हणून जोडा आणि कामासाठी वेगळी ब्रँच काढा. पायथन असेल तर स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवून लायब्ररी एडिटेबल पद्धतीने बसवा. नाहीतर तुम्ही बदलता एक प्रत आणि चाचण्या चालतात आधी बसवलेल्या दुसऱ्या प्रतीवर. एकही ओळ बदलण्याआधी सगळ्या चाचण्या एकदा चालवून घ्या. ज्या आधीपासून पडत होत्या त्यांची नोंद ठेवा, म्हणजे पुढे त्या आपल्या माथी येणार नाहीत.

पायरी ३: फंक्शनचा करार लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. कोडला हात लावण्याआधी एका कागदावर लिहा: ग्राफ दिशायुक्त चालतो का? दोन नोडमध्ये एकाहून जास्त कडा चालतात का? स्वतःकडेच परत येणारी कड चालते का? वजन ऋण, शून्य किंवा अनंत असलं तर? ग्राफ तुटक असला तर? एकही नोड नसेल तर काय परत मिळतं?

यातल्या काही प्रश्नांची उत्तरं दिसतात तेवढी सोपी नसतात. दिशाहीन ग्राफमध्ये ऋण वजनाची एक जरी कड असली तरी ते ऋण चक्र (एकूण वजन शून्याखाली असलेली फेरी) होतं, कारण त्याच कडेवरून पुढे-मागे करत अंतर कितीही खाली नेता येतं. त्यामुळे दिशाहीन ग्राफवर बेलमन-फोर्ड ऋण वजनं सांभाळतो असं दस्तऐवजात लिहिणं चूक आहे. वजनात 'नॅन' (संख्या नसलेलं मूल्य) आलं तर लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते, हीपचा (सर्वात लहान मूल्य वर ठेवणाऱ्या रचनेचा) क्रम बिघडतो, आणि उत्तर कुठलीही तक्रार न करता चुकीचं येतं.

नेटवर्कएक्समध्ये आणखी एक सापळा आहे. कडेवर मागितलेलं वजन सापडलं नाही तर ते १ धरलं जातं. वजनाच्या नावात एका अक्षराची चूक झाली की सगळ्या कडा १ वजनाच्या होतात आणि कार्यक्रम बिनबोभाट चालतो. तुमच्या फंक्शनला हाच नियम पाळायचा असेल तर पाळा, पण दस्तऐवजात तो स्पष्ट लिहा.

नोडच्या क्रमांकांचाही करार असतो. पेटग्राफमधल्या साध्या ग्राफातून नोड काढला की शेवटचा नोड त्याच्या जागी येतो, म्हणजे शेवटच्या नोडचा जुना क्रमांक बाद होतो. क्रमांक टिकवायचे असतील तर तिथे स्टेबलग्राफ आहे. आयग्राफमध्ये क्रमांक नेहमी सलग असतात, त्यामुळे नोड काढला की ते नव्याने लागतात. क्रमांक साठवून ठेवणारी कुठलीही सुधारणा या नियमावर तपासून घ्या.

पायरी ४: चाचण्या आधी लिहा

तीन प्रकारच्या चाचण्या लागतात.

पहिला प्रकार म्हणजे उत्तर माहीत असलेले ग्राफ. सहा नोडांचा तारा घ्या, मधला एक आणि भोवती पाच. मधल्या नोडची बिटवीननेस (इतर जोड्यांच्या लघुतम वाटांपैकी किती त्यातून जातात याचं माप), सामान्यीकरण न करता, १० यायला हवी, कारण भोवतालच्या पाचांच्या १० जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीची वाट मधूनच जाते. पीटरसन ग्राफमध्ये १० नोड, १५ कडा, व्यास (सर्वात दूरच्या दोन नोडांतलं अंतर) २, सर्वात लहान चक्र ५ कडांचं आणि रंगसंख्या (शेजारी नोडांना वेगळे रंग द्यायला लागणारे किमान रंग) ३. झॅकरीच्या कराटे क्लब या प्रसिद्ध नमुना-ग्राफमध्ये ३४ नोड, ७८ कडा. यांच्या जोडीला रिकामा ग्राफ, एकच नोड, दोन तुटक तुकडे, स्वतःकडे येणारी कड आणि समांतर कडा हव्यातच.

दुसरा प्रकार गुणधर्मांचा. लघुतम अंतर काढलं असेल तर प्रत्येक कडेसाठी 'पुढच्या नोडचं अंतर हे मागच्याचं अंतर अधिक वजन याहून जास्त नाही' हे तपासा. कमाल प्रवाह काढला असेल तर तो किमान छेदाएवढा (सुरुवात आणि शेवट एकमेकांपासून तोडणाऱ्या कडांच्या किमान एकूण क्षमतेएवढा) आला पाहिजे. अशा चाचण्यांना आधी काढलेलं उत्तर लागत नाही, म्हणून त्या कितीही मोठ्या ग्राफवर चालतात.

तिसरा प्रकार झटापटीचा: आठ नोडांपर्यंतचे काही शे यादृच्छिक ग्राफ बनवायचे आणि सगळे मार्ग मोजणाऱ्या मठ्ठ, हळू कोडशी उत्तर ताडायचं. नोड आठच का, तर तेवढ्यावर मठ्ठ कोडही क्षणात संपतो आणि पडलेला ग्राफ नजरेत मावतो. यादृच्छिकतेचं बीज ठरवून द्या आणि चाचणी पडली तर ते छापा. पायथनमध्ये नोडची नावं अक्षरी असतील तर संचातला क्रम दर खेपेला बदलू शकतो, कारण आवृत्ती ३.३ पासून अक्षरमालांचं हॅशिंग मुळातच यादृच्छिक केलेलं आहे. एकाच लांबीच्या दोन वाटा असतील तर आज एक मिळेल, उद्या दुसरी. म्हणून चाचणीत वाट ताडू नका, लांबी ताडा.

पायरी ५: खरा बदल

नवख्यांच्या हाती वारंवार येणारी तीन कामं इथे जवळून बघू.

*रिकर्शन काढणं.* खोलीप्रथम शोध पुस्तकात रिकर्शनने लिहिलेला असतो. पायथनची रिकर्शन मर्यादा मुळात १,००० असते, म्हणजे हजार नोडांची सरळ साखळी दिली की काम थांबतं. सी किंवा सी++ मध्ये मर्यादा जरा लांब असते, पण तिथे समजण्यासारखी त्रुटी न येता प्रक्रियाच मरते. उपाय म्हणजे स्वतःचा स्टॅक. त्यात नेहमीची चूक अशी की नोड उचलला की त्याचे सगळे शेजारी एकदम स्टॅकवर टाकले जातात. पोहोचता येतं का एवढंच बघायचं असेल तर हे चालतं. पूल (काढली की ग्राफ तुटतो अशी कड), सांधा-नोड (काढला की ग्राफ तुटतो असा नोड) किंवा टार्जनच्या पद्धतीने दृढसंलग्न घटक (ज्यांत कुठूनही कुठेही जाता येतं असे गट) काढायचे असतील तर चालत नाही, कारण तिथे नोडमधून परत फिरतानाचा क्षण पकडावा लागतो. स्टॅकवर नोडबरोबर 'पुढची न पाहिलेली कड कितवी' हा आकडाही ठेवा. तो संपला की नोड काढायचा, आणि त्याच वेळी आईच्या नोडचा (ज्यातून इथे आलो त्याचा) लो-लिंक, म्हणजे तिथून मागे कुठपर्यंत पोहोचता येतं तो आकडा, सुधारायचा.

पूल शोधताना अजून एक बारकावा आहे. ज्या कडेवरून आलो तिच्यावरून परत जायचं नसतं. बहुतेक कोड 'शेजारी आईच असेल तर सोडून दे' असं लिहितो. दोन नोडमध्ये दोन कडा असतील तर हा नियम दोन्ही कडा सोडून देतो आणि पूल नसलेली जागा पूल ठरते. सोडायची ती कड, नोड नव्हे. म्हणून तुलना कडेच्या क्रमांकाने करा.

*घट्ट साठवण.* नेटवर्कएक्स ग्राफ डिक्शनरीत डिक्शनरी अशा रचनेत ठेवतं आणि प्रत्येक कडेला गुणांची स्वतःची डिक्शनरी असते. सी-पायथनच्या ३.८ पासूनच्या आवृत्त्यांत ६४-बिट यंत्रावर रिकामी डिक्शनरी ६४ बाइट घेते. म्हणजे एक कोटी कडांना, त्यांवर काहीही न लिहिता, नुसत्या रिकाम्या डिक्शनऱ्यांपायी ६४० एमबी गेले. त्याऐवजी सीएसआर (कॉम्प्रेस्ड स्पार्स रो) रचनेत दोनच ॲरे लागतात: प्रत्येक नोडचे शेजारी कुठून सुरू होतात हे सांगणारा सुरुवातींचा, आणि सगळे शेजारी एका ओळीत ठेवणारा शेजाऱ्यांचा. दहा लाख नोड आणि एक कोटी दिशाहीन कडा असतील तर प्रत्येक कड दोनदा लिहायची, म्हणजे दोन कोटी नोंदी. चार बाइटच्या हिशेबाने ८० एमबी, वर सुरुवातींचे आठ बाइटप्रमाणे ८ एमबी.

बांधणी अशी. समजा चार नोड आहेत, ० ते ३, आणि कडा ०→१, ०→२, १→२, २→०, २→३. आधी प्रत्येकाच्या बाहेर जाणाऱ्या कडा मोजा: २, १, २, ०. मग चढती बेरीज करा: ०, २, ३, ५, ५. नोड चार, पण आकडे पाच. शेवटचा आकडा विसरला की शेवटच्या नोडवर ॲरेची हद्द ओलांडली जाते. शेजाऱ्यांचा ॲरे होतो १, २, २, ०, ३. नोड २ चे शेजारी हवेत? जागा ३ पासून ५ च्या आधीपर्यंत बघा: ० आणि ३. नोड ३ साठी ५ ते ५, म्हणजे कोणीच नाही.

घात होतो तो भरताना. शेजारी भरताना पुढची रिकामी जागा दाखवायला सुरुवातींचाच ॲरे पुढे सरकवत नेला, तर शेवटी तो २, ३, ५, ५, ५ असा उरतो. आता नोड ० ला नोड १ चे शेजारी दिसतात, नोड १ ला नोड २ चे. कार्यक्रम कोसळत नाही आणि कडांची संख्याही जवळपास जमते, म्हणून ही चूक उशिरा सापडते. भरण्यासाठी सुरुवातींची वेगळी प्रत घ्या.

वजनं कुठे ठेवायची? प्रत्येक नोंदीशेजारी आठ बाइटचं वजन ठेवलं तर १६० एमबी. नोंदीशेजारी चार बाइटचा कडेचा क्रमांक आणि वजन वेगळ्या ॲरेत एकदाच ठेवलं तरी ८० आणि ८० मिळून तेवढेच. पण कडेला दुसरा आठ बाइटचा गुण जोडायचा झाला की पहिल्या पद्धतीत आणखी १६० लागतात, दुसरीत फक्त ८०. शिवाय दुसऱ्या पद्धतीत कडेचं वजन बदलताना एकच बाजू बदलली गेली असं कधी होत नाही. दिशाहीन ग्राफसाठी दुसरीच घ्यावी.

३२-बिट पूर्णांकाची कमाल २,१४,७४,८३,६४७. कडांच्या नोंदी याहून जास्त होऊ शकतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नोडच्या संख्येचा वर्ग ४६,३४१ नोडांवरच ही मर्यादा ओलांडतो, आणि असे वर्ग घनता किंवा सामान्यीकरण काढताना सर्रास होतात. साठवण ३२-बिट ठेवा, गुणाकार ६४-बिटमध्ये करा.

सीएसआरमध्ये एक नवी कड घुसवायची तर पुढचं सगळं सरकवावं लागतं. म्हणून ही रचना बदलत्या ग्राफच्या जागी आणू नका. ती गोठवलेली प्रत म्हणून द्या आणि मूळ ग्राफ बदलला तर ती शिळी झाली हे ओळखण्याची सोय ठेवा.

*दशांश वजनं.* हे काम छोटं दिसतं, पण त्यात सगळ्यात जास्त विचार लागतो. चार नोडांचं चक्र घ्या: क-ख ०.१, ख-ग ०.२, ग-घ ०.३ आणि थेट क-घ ०.६. क पासून घ पर्यंत दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या, म्हणजे या जोडीने ख ला बिटवीननेसमध्ये ०.५ द्यायला हवेत. पण क कडून बेरीज केली तर ०.१ अधिक ०.२ अधिक ०.३ हे यंत्रात ०.६००००००००००००००१ होतं. लांबची वाट हरते आणि एकच वाट मोजली जाते. घ कडून निघालं तर ०.३ अधिक ०.२ बरोबर ०.५ होतं, त्यात ०.१ मिळवून ०.६, आणि दोन वाटा मोजल्या जातात. बिटवीननेस काढणारा ब्रँडेसचा २००१ चा अल्गोरिदम प्रत्येक नोडपासून एकदा चालतो. दिशाहीन ग्राफमध्ये शेवटी निम्मं करतात, म्हणून ख च्या वाट्याला या जोडीकडून येतात ०.२५. धड बरोबर नाही, धड शून्यही नाही. नोडांचा क्रम बदलून चालवलं तरी उत्तर तेच येतं, म्हणून संशयही येत नाही.

सगळ्यात भरवशाचा उपाय पूर्णांक वजनं. नेटवर्कएक्सचे दस्तऐवजही वजनांना सोयीच्या संख्येने गुणून पूर्णांक करायला सुचवतात. फक्त गुणल्यावर दशांश कापू नका, जवळच्या पूर्णांकात बदला. ०.२९ गुणिले १०० यंत्रात २९ हून किंचित कमी येतं, आणि कापलं की हाती २८ राहतात. दुसरा उपाय म्हणजे तुलनेत सूक्ष्म सूट द्यायची. ती द्यायची तर आकड्याच्या प्रमाणात द्या. ठरावीक सूट लहान वजनांच्या ग्राफवर खऱ्या फरकांनाही गिळते.

पायरी ६: मोजल्याशिवाय वेगाचा दावा नको

वेग किमान दोन स्वभावांच्या ग्राफवर मोजा. एक रस्त्यांच्या जाळ्यासारखा: प्रत्येक नोडला मोजक्या कडा आणि व्यास मोठा. लघुतम वाटांच्या अल्गोरिदमसाठी झालेल्या नवव्या डायमॅक्स स्पर्धेतला अमेरिकेचा रस्ता-ग्राफ यासाठी प्रसिद्ध आहे, त्यात २,३९,४७,३४७ नोड आणि ५,८३,३३,३४४ दिशायुक्त कडा आहेत. दुसरा आर-मॅट या यादृच्छिक ग्राफ बनवण्याच्या पद्धतीचा: थोड्या नोडांना प्रचंड कडा आणि व्यास लहान. ग्राफ५०० या महासंगणकांच्या वेगचाचणीत त्याची प्रमाणं ०.५७, ०.१९, ०.१९, ०.०५ आणि नोडमागे १६ कडा अशी ठरलेली आहेत. आर-मॅटमध्ये दुहेरी आणि स्वतःकडे येणाऱ्या कडाही तयार होतात. त्या काढल्या तर कडांची खरी संख्या कमी भरते, म्हणून अहवालात काढल्यानंतरचा आकडा लिहा. नोडचे क्रमांकही पिसून घ्या. न पिसता जास्त कडांचे नोड सुरुवातीला गोळा होतात आणि कॅशमुळे वेग फसवा दिसतो.

एकाच स्वभावाचा ग्राफ घेतला तर काय होतं याचं ठळक उदाहरण म्हणजे समांतर रुंदीप्रथम शोध. तो थराथराने चालतो आणि प्रत्येक थरानंतर सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकमेकांसाठी थांबतात. आर-मॅटवर थर मोजकेच, म्हणून फायदा मोठा. रस्त्यांवर थर हजारोंनी आणि प्रत्येकात काम चिमूटभर, त्यामुळे सोळा थ्रेड एकाहूनही हळू चालू शकतात.

ग्राफ वाचण्याचा आणि बांधण्याचा वेळ वेगळा मोजा. पहिली फेरी सोडून द्या, पुढच्या पाच-सात फेऱ्यांचा मध्यक घ्या, आणि त्याच फेरीत उत्तरही तपासा. समांतर बदल असेल तर मेमरीही मोजा. ब्रँडेस नोडांवर वाटून सोळा थ्रेडांत चालवला तर प्रत्येक थ्रेडला स्वतःचे ॲरे लागतात. दहा लाख नोड आणि आठ बाइट धरले तर एकेका ॲरेमागे १२८ एमबी, आणि असे ॲरे चार तरी असतात. शिवाय दशांशांच्या बेरजेचा क्रम थ्रेडांनुसार बदलतो, म्हणून शेवटचे अंक दर खेपेला वेगळे येतील. चाचणीत त्याला जागा ठेवा.

पायरी ७: पाठवणी

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय ठेवा. रिकर्शन काढता काढता नावं बदलली, मोकळ्या जागा नीट केल्या, आयात पुनर्रचली, तर तपासणाऱ्याला खरा बदल शोधत बसावं लागतं. वर्णनात चूक दाखवणारा सर्वात लहान ग्राफ, आधीचं उत्तर, आताचं उत्तर आणि मोजमापाचे आकडे द्या. जिथे वेग घटला ते आकडेही द्या. तपासणारा तेच आधी विचारतो.

फंक्शनला नवा पर्याय जोडायचा असेल तर तो शेवटी, फक्त नावाने देता येईल असा ठेवा आणि त्याचं मूळ मूल्य जुनं वर्तन राखणारं असू द्या. जुनं वर्तन चूकच असेल तरी ते एकदम बदलू नका. आधी इशारा, मग पुढच्या आवृत्तीत बदल. किती आवृत्त्या थांबायचं हे प्रत्येक प्रकल्पाच्या योगदान-मार्गदर्शिकेत लिहिलेलं असतं. दस्तऐवजात अल्गोरिदमची गुंतागुंत (ग्राफ वाढेल तसा वेळ कसा वाढतो ते), पायरी ३ मधला करार, आणि न पोहोचता येणाऱ्या नोडसाठी काय मिळतं, अनंत की नोंदच नाही, हे लिहा.

नेटवर्कएक्समध्ये काम करत असाल तर बॅकएंडकडेही (प्रत्यक्ष गणित करणाऱ्या पर्यायी लायब्ररीकडेही) बघा. तिथे त्याच फंक्शनचा कॉल ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या एनएक्स-क्युग्राफसारख्या बॅकएंडकडे वळवता येते, आणि त्यासाठी फंक्शनवर ठरलेला डेकोरेटर (फंक्शनच्या वर लिहायची खूण) लागतो. तुम्ही पर्यायाचं नाव बदललं की बॅकएंडशी मेळ तुटतो, म्हणून फंक्शनचे पर्याय (सिग्नेचर) बदलणारी रिक्वेस्ट पाठवण्याआधी बॅकएंडच्या चाचण्याही चालवून घ्या. आणि बॅकएंडचा वेग सांगताना ग्राफ त्याच्या रूपात बदलायला लागलेला वेळ त्यातून वगळू नका. एका रुंदीप्रथम शोधासाठी तो रूपांतराचा वेळ शोधाहून कितीतरी जास्त असू शकतो, तर त्याच ग्राफवर शंभर शोध करायचे असले की तो नगण्य ठरतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.